हलग्यांचा शनिवार

बीडला कुणी मुद्दाम फिरायला जात नाही. मी चालले म्हटल्यावर आमच्या नगरच्या शेजारणीने आधी विचारलं, "कोण आजारी आहे?" कुणीच आजारी नाही म्हटल्यावर तिचा चेहरा जास्तच काळजीचा झाला. तेव्हा जे कधी गेले नाहीत आणि जाणारही नाहीत, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

निमित्त होतं रूथ. मी नगरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते आणि रूथ तिथल्या बोर्डिंगात होती. चित्रकलेत यथातथाच, पण तोंडाने भलती चुरचुरीत. आता ती माजलगावच्या अलीकडे, सिंदफणेकाठच्या एका खेड्यात पाळकाची बायको आहे. दिवाळी झाल्यावर तिचा फोन आला.

"बाई, येता का? शनिवारी आमच्या चर्चपुढं होळी हाय."

"दिवाळीनंतर कसली होळी गं?"

"हलग्या जाळायच्यात. दागिने, भजनाची जुनी पुस्तकं, ताईत, गंडे, समदं. माझा नवरा काड्यापेटी घेऊनच बसलाय आन् सासरे कुणाशी बोलत न्हाईत. तुमी आलात तर ऐकतील तरी."

कोण ऐकेल, नवरा की सासरे, ते तिने सांगितलं नाही. पण मला तेवढं पुरलं. मी स्वतः पणजोबांपासूनची ख्रिस्ती. मागच्या वर्षी भाचीकडे हॉलंडला गेले होते, तेव्हा उट्रेख्तच्या मोठ्या देवळात दगडात कोरलेली संतमंडळी पाहिली. सगळ्यांचे चेहरे छिन्नीने उडवलेले. साड्यांसारख्या झग्यांच्या चुण्या शाबूत, हात शाबूत, आणि चेहऱ्याच्या जागी खडबडीत दगड. हे परक्यांनी केलेलं नव्हतं. मूर्ती नकोत म्हणणाऱ्या ख्रिस्ती लोकांनीच, आपल्याच ख्रिस्ती लोकांच्या देवळात केलेलं. तेव्हापासून मला त्या विषयाने झपाटलं होतं. सापडतील ती पुस्तकं वाचली, फोटो जमवले, महिला मंडळात दोनदा व्याख्यानही दिलं. आता खुद्द आपल्या माणसांत होळी पेटणार म्हटल्यावर मी गप्प कशी बसणार? टॅबलेटमध्ये फोटो भरले आणि निघाले. चार गोष्टी सुनवून येऊ, असा माझा आव होता.

बीडपर्यंत

नगरहून बीडला आता रेल्वे जाते. ज्यांच्या आजोबांनी तिची वाट पाहिली, ते लोक आता गाडीत बसून नुसते खिडकीबाहेर बघतात. समोर एक बाई होत्या, नारायणगडाला निघालेल्या. मांडीवर पिशवी आणि पिशवीत नारळ. त्यांनी धपाटं पुढे केलं आणि मग रीतसर चौकशी सुरू केली.

"तुमी कोन्या देवाचं?"

"आम्ही ख्रिस्ती."

त्यांनी जरा विचार केला. "मंग तुमच्यात दही चालतंय का?"

"धपाट्यावर काहीही चालतं," मी म्हणाले. त्यांनी दह्याचा डबा माझ्याकडे सरकवला आणि सुनेच्या तक्रारी सुरू केल्या. आमच्या नगरी थालीपिठापेक्षा ते धपाटं पातळ आणि मऊ होतं, लसूण मात्र सढळ. मी तीन खाल्ली.

बीडहून पुढे जीप. ड्रायव्हर तोंडाचा फाटका, पण गाडी जपून चालवणारा. वाटेत मेंढरांचा कळप आडवा आला, तेव्हा हॉर्न न वाजवता खाली उतरून धनगराशी तंबाखू मळत उभा राहिला. "त्यांला जाऊ द्या की मावशी. आपल्याला काय मरायची घाई हाय?" समोरून ट्रॅक्टर येत होते, ऊसतोडीच्या टोळ्यांचे. ट्रॉलीत भांडी, गोधड्या, कोंबड्या, पोरं आणि वर बसलेल्या बाया. सणासुदीला माहेरी निघाल्यासारख्या त्या हसत होत्या. कामाला निघालेलं माणूस रडतंच निघतं, असं आम्हा शहरातल्यांना उगीच वाटतं.

जीपवाल्याने मला चुकीच्या फाट्यावर सोडलं. उसाच्या बांधाने चालत निघाले आणि पाटाच्या चिखलात चपलेचा अंगठा तुटला. अनवाणी, साडी गुडघ्यापर्यंत धरून, बगलेत टॅबलेट घेऊन मी गावात शिरले. उपदेश करायला निघालेल्या बाईने याहून बरा प्रवेश करायला हवा होता. रूथ मला पाहून इतकी हसली की शेजारच्या बाया गोळा झाल्या.

गावात

चर्च म्हणजे पत्र्याचा एक हॉल, बाहेर कडुनिंब आणि झाडाखाली बाज. आसपासची पंचवीसेक घरं मातंग समाजाची, दोन पिढ्यांपूर्वी ख्रिस्ती झालेली. आम्ही नगरकडचे भेटलो की "सलाम" म्हणतो. इथे नवी पद्धत. जो तो "प्रेज द लॉर्ड" म्हणत होता. बाजेवर एक म्हातारे पाठ करून बसले होते. मी सवयीने "सलाम" म्हणाले, तर ते वळले.

"सलाम बाई," ते म्हणाले. रूथने तोंडावर पदर धरला. चार दिवसांतला हा त्यांचा पहिला शब्द होता. हे याकोबबाबा, रूथचे सासरे.

जेवायला बाजरीची भाकरी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. ते उकळत्या पाण्यात पडलं की अशी आमटी होते की डाळीची आठवणही येत नाही. मी वाटी पुढे करत राहिले आणि रूथ वाढत राहिली. वाढताना तिचे पाय दिसले. लग्नात आईने घातलेले पैंजण नव्हते.

"तेही होळीत?" मी विचारलं.

"मोह हाय म्हणं," ती म्हणाली. "तीनशे पावलांवरून आवाज येतो म्हणून मोह. मला तर आवडायचं बाई ते."

तिचा नवरा शमुवेल संध्याकाळी आला. मी मनात एक कडक, डोळे वटारणारा माणूस उभा केला होता. आला तो तिशीचा सडसडीत पोरगा, सायकलवर पिठाचा डबा बांधून. त्याने माझी तुटकी चप्पल पाहिली आणि 'प्रेज द लॉर्ड' म्हणायच्या आधीच ती शिवायला बसला. अशा माणसावर चिडायचं कसं? माझी पंचाईतच झाली.

शुक्रवारची संध्याकाळ

उपासनेनंतर त्यानेच मला बोलायला सांगितलं. मी टॅबलेट फिरवला. बायांनी चेहरे उडवलेल्या मूर्ती निरखून पाहिल्या.

"ह्या बायांची नाकं कोनी कापली?" एकीने विचारलं.

"त्यांच्याच धर्माच्या लोकांनी."

"कावून?"

"देवळात मूर्ती नकोत म्हणून."

"मंग उचलून बाजूला ठिवायच्या. नाकानं काय घोडं मारलं व्हतं?"

मला हुरूप आला. मग फ्लॉरेन्सची गोष्ट सांगितली. इटलीतलं श्रीमंत शहर. एका साधूचं प्रवचन ऐकून लोकांनी चौकात आपले आरसे, केसांचे टोप, पत्ते, वाद्यं, पुस्तकं, चित्रं आणून ढीग रचला आणि गाणी म्हणत पेटवला. पुढच्या वर्षी त्याच चौकात त्याच लोकांनी त्या साधूलाच फासावर चढवून जाळलं. ही गोष्ट सांगितली की आमचं महिला मंडळ सुस्कारा टाकतं. मी तिथे थांबायची सवय करून घेतली होती, तशी थांबले. सुस्कारा काही आला नाही. शमुवेल उठून पुढे आला.

"बाई, तुमचं खरं हाय. पण आमची गोष्ट पण ऐका. गेल्या नाताळात मी इथंच उभा होतो. प्रार्थना चालू होती, समद्यांचे डोळे मिटलेले. दाराशी गाडी वाजली आन् कुणीतरी म्हणलं, आमदारसाहेब आलेत, स्वागताला हलग्या घेऊन या. मी डोळे उघडले तवर माझा बाप उठलेला होता. कुणी ओढलं न्हाई, शिवी दिली न्हाई. नुसतं या म्हणलं. आन् प्रार्थना अर्धी टाकून माझा बाप गेला."

 याकोबबाबा मागे भिंतीला टेकून बसले होते, खाली बघत.

"माझ्या आज्याला वाजवल्यावर भाकरी वरून टाकायचे," शमुवेल म्हणाला. "ती हलगी. तुमाला ती कला वाटती."

"शास्त्रातसुद्धा डफ आहे की रे," मी म्हणाले. आवाज मलाच बारीक वाटला.

"हाय. पण शास्त्रातल्या डफवाल्याला कुणी दारात उभं करून, वाजव, म्हणत नव्हतं." तो रागावला नव्हता. "त्या लोकांनी त्यांची श्रीमंती जाळली बाई. आमी आमची गुलामी जाळतोय. उद्या संध्याकाळी साहेब रस्त्याच्या कामाला नारळ फोडायला येणार. बोलावणं येणार म्हणजे येणारच. त्याच्या आत ह्या वस्तीत एकबी हलगी ठेवायची न्हाई. म्हणून शनिवार."

 पाचशे वर्षांपूर्वीच्या चित्रांसाठी मी हळहळत होते आणि समोरच्या माणसाचा बाप उठून गेला होता, हे माझ्या एकाही फोटोत नव्हतं. मी टॅबलेट पिशवीत घातला.

सिंदफणेच्या काठी

सकाळी याकोबबाबा शेळ्या घेऊन नदीकडे निघाले, तशी मीही शिवलेली चप्पल घालून मागे गेले. पाणी धरणाच्या कृपेने भरपूर, काठाला पिवळी सोनकी, पलीकडे नजर पोहोचेल तिथवर ऊस. आमच्या नगरच्या सीना नदीला एवढं पाणी दिसलं तर लोक फोटो काढायला येतील.

म्हातारे स्वतःहून बोलले. "पोरगं खरं बोलतंय."

"मग जाळणार तुम्ही?"

"जाळतो की. त्याला पुढं मान वर करून जगायचंय." एक शेळी उसात शिरत होती, तिला त्यांनी हाक मारून वळवलं. "पण बाई, हलगीचा काई गुन्हा न्हाई. त्या दिवशी मी उठलो न्हाई. माझे पाय उठले. बापाचे उठायचे तसेच. डोकं म्हनत व्हतं, बस. पाय ऐकंनात."

"तुम्हाला वाजवायला आवडतं का?"

 हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारलाच नसावा. "लई," ते म्हणाले. "भजनाला वाजवताना लई आवडतं. तितं कोनी या म्हनत न्हाई. आपलं आपुन येतो."

"मग नका जाळू, बाबा. लपवून ठेवा. मी नगरला घेऊन जाते."

"तुमी परवा नगरला जाताल," ते अगदी मायेने म्हणाले. "बोलावनं हितं येतं."

मला रडू आलं. मी नदीकडे तोंड केलं. म्हाताऱ्याने ते पाहिलं असावं, कारण त्यानंतर त्यांनी मला प्रत्येक शेळीचं नाव आणि तिची खोड सांगितली.

शनिवार

दिवस कलायला लागला तशी चर्चपुढे तुराट्यांची रास पेटली. सगळी वस्ती जमली होती. दुसऱ्या दिवशी चार घरं उसाला जाणार होती, त्यांच्या गोधड्याही बांधून तयार. शमुवेलने प्रार्थना केली. कुणाच्याही देवाची निंदा करू नका, आपण आपल्याच घरातलं आणलंय, असं त्याने दोनदा बजावलं. मग ताईत पडले, गंडे पडले, कुणाकडचे सिनेनटांचे फोटो पडले. दागिने एका परातीत काढून ठेवले होते. हलगीवर म्हणायच्या ख्रिस्ती भजनांचं एक जुनं छापील पुस्तक पडलं तेव्हा माझा हात आपोआप पुढे गेला. रूथने तो धरला आणि धरूनच ठेवला. पानं एकेक करून उलटत गेली आणि काळी झाली.

मग हलग्या. पहिल्या दोन पडल्या. कातडं आकसलं, फट्‌दिशी फाटलं आणि त्याचा वास सगळीकडे पसरला. उरली ती लोखंडी कडी, लाल होत चाललेली. गर्दीतली एक बाई शेजारणीला हळूच म्हणाली, "कडं हाय तसंच हाय. कातडं काय, कवाबी चढवता येतं." शेजारणीने तिला कोपराने ढोसलं.

मग याकोबबाबांची पाळी आली. त्यांच्या मागे अजून चौघे आपापली हलगी घेऊन उभे होते, ते बाबा काय करतात ते बघत. बाबा आगीजवळ गेले. हलगी दोन्ही हातांनी पुढे धरली. मी डोळे मिटून घेतले आणि काही ऐकू येईना म्हणून पुन्हा उघडले.

ते टाकत नव्हते. कडं तळहातांत धरून हलगी हळूहळू फिरवत होते. ज्याने हलगी पाहिली नाही त्याला सांगायला हवं की ती आगीवाचून वाजतच नाही. गार हलगीचं कातडं ढिलं असतं, नुसतं भदभद करतं. आधी जाळ करायचा, त्यावर ती शेकायची, कातडं ताणलं गेलं की मग तिला कंठ फुटतो. जन्मभर ज्या हातांनी जाळ दिसला की हलगी शेकली, ते हात जाळ पाहून दुसरं काय करणार? बाबांनी ती फिरवली, अंगठ्याने मध्यावर टिचकी मारली, कान लावला, पुन्हा फिरवली.

"बाबा, टाका," शमुवेल हलक्या आवाजात म्हणाला.

"टाकतो की," बाबा म्हणाले. "जरा शेकून घेतो."

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग मागून एक बाई फसकन हसली आणि सगळी वस्ती हसत सुटली. जाळायची हलगी कुणी शेकून घेतं का? बाबांनाही मग उमगलं. त्यांनी मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं आणि तेही हसले. मी त्यांना प्रथमच हसताना पाहिलं. पुढचे दोन दात नव्हते.

हसू ओसरायच्या आत त्यांनी पाठीमागे खोचलेली टिपरी काढली आणि हलगीवर हाणली. तो आवाज मी नगरच्या मिरवणुकांत हजारदा ऐकलाय, पण लांबून, स्पीकरच्या गोंगाटात. इथे तो पोटात शिरला. मागचे चौघे न सांगता आगीजवळ सरकले आणि आपल्या हलग्या शेकू लागले. बायांनी भजन उचललं, पुस्तकाशिवाय. सगळं पाठ होतं. ऊसतोडीला निघालेल्या पोरी टाळ्यांनी ठेका धरत होत्या. शमुवेल जागच्या जागी उभा होता. ओरडला असता तर थांबले असते, पाळकाचा मान मोठा असतो. तो ओरडला नाही.

तेवढ्यात मोटरसायकल आली.

सरपंचांचा पुतण्या होता, नवा पांढरा शर्ट घातलेला. गाडी बंद न करताच म्हणाला, "बाबा, बरं झालं, तापल्यात पण. चला, साहेब फाट्यावर आलेत."

भजन थांबलं. वस्तीतल्या सगळ्यांच्या नजरा बाबांच्या पायांकडे गेल्या. माझीही गेली. धुळीने माखलेले, टाचा फुटलेले पाय. उजव्या पायाचा अंगठा जमिनीत रुतला होता. शमुवेल बापाकडे बघत नव्हता, आगीकडे बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

"आज न्हाई," बाबा म्हणाले.

"म्हंजी?"

"आमची उपासना चालू हाय. बसायचं असंल तर बस बाळा, बाज हाय तितं."

पुतण्या गोंधळला. वाईट पोरगा नव्हता तो. त्याला सांगितलेलं काम तो करत होता. "मंग साहेबाला काय सांगू?"

"सांग, याकोब त्याच्या घरी वाजवतोय."

पोराने आमच्या सगळ्यांकडे पाहिलं. मग "डीजे सांगतो मंग," असं पुटपुटला आणि गाडी वळवून गेला. दिवा वळणाआड गेला. बाबा तिथेच मातीत बसले. मी जवळ गेले. 

"जाळली असती तर, हलगी न्हाई, म्हनून सांगावं लागलं असतं बाई," ते मला म्हणाले, पण एवढ्या मोठ्याने की मुलाला ऐकू जावं. "हलगी हाय, पन येत न्हाई. हे म्हनायला आज सत्तर वर्सं लागली."

रूथने परातीतून आपले पैंजण उचलले. मी पाहतेय हे लक्षात आल्यावर म्हणाली, "चांदी कुठं जळती बाई? नुसती काळी पडती." आणि खाली बसून ते पायात चढवू लागली.

जाळ उतरत आला होता, थंडी पडायला लागली होती. शमुवेल वळला आणि हॉलमागे गेला. मला वाटलं, रागाने गेला. तो परत आला तेव्हा त्याच्या खांद्यावर तुराट्यांची पेंढी होती. ती त्याने विस्तवात सारली, गुडघे टेकून फुंकर घातली आणि जाळ उठल्यावर बापापुढे हात केला.

"द्या इकडं," तो म्हणाला. "गार पडली असंल, शेकून देतो."